पलीकडचे

बाई एरवी फार काटेकोर, पण त्या सकाळी घाईत त्यांच्या हातून घोळ झालाच. ऑनलाइन मुलाखतीच्या दोन लिंक होत्या. परीक्षकाची उमेदवाराला गेली आणि उमेदवाराची परीक्षकाला. बाईंना याचा पत्ताच नव्हता.

समुद्री कासवं वाचवण्याचा हा प्रकल्प दोन देश मिळून चालवत. त्याचं मूल्यमापन करणारा बाहेरचा सल्लागार आज नेमला नाही, तर देणगीदार हात आखडणार आणि बाईंची नोकरीही जाणार. समुद्रापलीकडच्या कार्यालयाचे प्रमुख परीक्षक म्हणून बसणार होते. त्यांच्याशी सगळा व्यवहार ईमेलवर. चेहरा सोडा, आवाजही कुणी ऐकला नव्हता. ऑफिसात त्यांना सगळे 'पलीकडचे' म्हणत.

बाई आणि त्यांचे साहेब लॅपटॉपसमोर बसले, तोच परीक्षकाच्या लिंकवर एक गृहस्थ उगवले. कॅमेरा अर्थातच बंद.

"या, या! तुमचीच वाट बघत होतो," साहेब म्हणाले. "उमेदवाराला काय विचारायचं, तुम्हीच सांगा."

"मी सांगू?" गृहस्थ जरा घुटमळले. "सोडलेल्या पिल्लांपैकी मोठी होऊन परत किती आली, हे विचारू या."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी साहेबांकडे. सोडलेली पिल्लं दरवर्षी टाळ्यांच्या गजरात मोजली जात. परत आलेली? अगंबाई, हे आपल्याला कधी सुचलंच कसं नाही! गृहस्थ विचारत गेले, बाई भान हरपून ऐकत, सांगत राहिल्या. दुसऱ्या लिंकवरचा माणूस तासभर ताटकळला.

शेवटी त्याला आत घेतलं. आवाज चांगलाच तापलेला होता.

"प्रकल्पाची कितपत माहिती आहे?" साहेबांनी विचारलं.

"माहिती? अहो, उभा कुणी केला तो?"

"काय आत्मविश्वास आहे!" साहेब बाईंच्या कानात कुजबुजले. "बरं, यात उणीव काय दिसते?"

"तुमचं ऑफिस! एका ईमेलला धड उत्तर देत नाही."

"निर्भीड आहे हो! हाच घेऊ," साहेब खूश झाले. "रुजू कधी होताय?"

"रुजू? वीस वर्षं मी इथं काय माशा मारतोय?"

बाईंनी घाईघाईनं पाठवलेल्या लिंक तपासल्या. हे जर पलीकडचे, तर मघापासून आपण प्रकल्पाचं आतलं सगळं सांगितलं ते कुणाला?

"मी उमेदवार," गृहस्थ ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, तुमची मुलाखतीची पद्धतच अशी असेल."

साहेबांनी घाबरून गृहस्थांना विनवलं, "हे बघा, आजचं हे काही अहवालात लिहू नका हं!"

"अहवालात? म्हणजे माझी निवड झाली?"

साहेब घाईघाईनं फाइल चाळू लागले. या घोळापायी नोकरी गेली तर गेली, पण पिल्लांचं काय झालं ते कळलंच पाहिजे, असं बाईंना मनापासून वाटलं.

"झाली," त्या ठामपणे म्हणाल्या. "कामाला कधी लागताय?"

"मला वाटतं," गृहस्थ म्हणाले, "तासाभरापूर्वीच लागलो."