लिंबोणीखालचा समुद्र

आईने लावलेल्या लिंबोणीची पानं कडेने करपू लागली, तेव्हा घरच्या शास्त्रज्ञाने पाण्याचा पाइप उचलायचा सोडून लॅपटॉप उघडला. जमिनीतल्या पाण्यात क्षार कसे विरघळतात, कसे वर चढतात, हे संगणकावर मांडायचं हीच त्याची नोकरी. घरच्या मातीवर गणित तपासावं म्हणून लिंबोणीच्या बुंध्याशी त्याने एक क्षारमापकही पुरला होता. पानं करपायच्या आधीच आई गेली होती. घरात तो आणि बाबा दोघेच उरले, आणि बोलायचं खातं तर आईकडे होतं.

मापकावरचा आकडा रोज चढत होता. गणित म्हणत होतं, इथे मीठ असणं शक्यच नाही. आपलं गणित चुकलं म्हणायला त्याची जीभ रेटेना. शेवटी त्याने संगणकात घराच्या खाली एक जुनापुराणा, आटलेला समुद्र घातला. आकडे झटक्यात जुळले.

आकडे पाहून ऑफिसातले साहेब हरखले. "समुद्र? अरे, मग बसलायस काय? यंत्र पाठवतो, खोल खोदू!"

"साहेब, तिथे आईची लिंबोणी आहे."

"नाही तरी वाळतेच आहे ना ती?"

समुद्र त्यानेच घातला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

यंत्र यायच्या दिवशी सकाळी तो झाडाचा निरोप घ्यायला मागच्या दारी गेला. बाबा आधीच तिथे होते. हातात आईचा स्टीलचा पेला, त्यातून वाफ निघत होती. थोडा वेळ तो तसाच धरून त्यांनी हळूच मुळाशी ओतला.

"बाबा, हे काय?"

बाबा ओशाळले. "तिचं गुळण्यांचं पाणी. सवयीने करतो रे रोज. मीठ घालतो, हाक मारायला जातो, आणि मग आठवतं. मोरीत ओतवत नाही."

शास्त्रज्ञाचा अख्खा समुद्र त्या पेल्यात मावला. या पाण्यानेच झाड मरतंय, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. पण बाबांचा चेहरा पाहून तो दुसरंच बोलला.

"बाबा, माझा घसा धरलाय. उद्यापासून तो पेला मला देत जा."

"तुझाही? तिच्यावरच गेलायस."

मग त्याने फोन लावला. "साहेब, यंत्र नको. समुद्र नाहीये."

"काल होता ना?"

"माझंच गणित चुकलं." जे म्हणायला इतके दिवस जीभ रेटत नव्हती, ते पटकन निघून गेलं. साहेबांनी त्याची बिनपाण्याने केली. त्याने फोन ठेवला आणि पाइप लावून लिंबोणीखालची माती भरपूर गोड्या पाण्याने धुऊन काढली.

तेव्हापासून तो रोज सकाळी मोरीत खळखळून गुळण्या करतो. बाबा दारात उभे राहून ऐकतात. "तुझी आई मान आणखी वर करायची," असं शिकवतात. इतकं तर ते पूर्वी कधी बोललेच नव्हते.

परवा बाबा लिंबोणीपाशी बराच वेळ वाकून उभे होते. "पालवी फुटली रे," ते म्हणाले. मग त्याच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "घसा झाला का बरा?"

"नाही, बाबा. अजून नाही."

"माझाही नाही," बाबा म्हणाले, आणि पाणी कोमट करायला आत गेले. त्या दिवसापासून ते दोन पेले भरतात.