स्थळ सातवे: स्त्री एक, वृद्ध

एखादं शहर ऐतिहासिक ठरायला दोनच गोष्टी लागतात: पडक्या इमारती आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहणारे नागरिक. पैकी दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नागरिक रोज पाहू लागले की डागडुजी करतात, चुना फासतात आणि हां हां म्हणता इमारत नवी होऊन बसते. नंदुरबारात दोन्ही गोष्टींची रेलचेल होती. त्यामुळे सन छत्तीसच्या सुमारास गावातल्या प्रतिष्ठितांनी 'प्राचीन वैभव दर्शन मंडळी' काढली तेव्हा वैभवाची वेगळी तजवीज करावी लागली नाही. (सभासदांपैकी निम्म्यांनी ते वैभव तोवर पाहिलं नव्हतं. उरलेल्या निम्म्यांनी नंतरही पाहिलं नाही.)

मंडळीचे अध्यक्ष हिंमतराव म्हणजे तापीकाठचे बडे कापूसवाले. सुरतेला कापूस विकायला गेले असता तिथं एक माणूस पाहुण्यांना पायी हिंडवून देवळं-मशिदी दाखवतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्या गावात काय कमी आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. बेत असा ठरला, की सुरतेच्या गाडीनं पाहुणे सकाळी उतरतील, नऊ धर्मस्थळं पायी पाहतील आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातील. गावात मुक्काम करण्याची सोय नव्हती आणि मंडळीच्या मते तसा आग्रहही कोणी धरला नसता.

वाटाड्या म्हणून नेमणूक झाली सुकलालची. सुकलाल आधी स्टेशनाबाहेर उभा राहून उतारूंना रस्ता सांगायचा. तो काही शिकलेला नव्हता, पण त्याच्या तोंडून 'ठाऊक नाही' हे शब्द जन्मात कधी निघाले नव्हते. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, अशी त्याच्या आईची शिकवण होती. द्यायला दुसरं काही नसल्यानं तो माहिती देई.

त्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती. दगड काळा असेल तर वास्तू पांडवांची, पांढुरका असेल तर बादशाही आणि विटा असतील तर कालपरवाची, म्हणजे पेशवाईतली. वाचता न येणारा शिलालेख तो घडाघडा वाचून दाखवी आणि दर खेपेला वेगळा वाचे, त्यामुळे दुसऱ्यांदा आलेल्यांनाही कंटाळा येत नसे. दर्ग्यापाशी तो नवस फळलेल्या हिंदूंचा आकडा सांगे आणि देवळापाशी नवस फळलेल्या मुसलमानांचा. दोन्ही आकडे तो सारखे ठेवी, म्हणजे भांडणाला जागा नको. दर ठिकाणी जोडे काढावे लागत. चौथ्या स्थळानंतर पाहुणे ते हातातच धरून चालत आणि सहाव्यानंतर इतिहासाबद्दल काही विचारत नसत.

सातवं स्थळ मात्र सगळ्यांच्या लक्षात राही. ते एक मोडकं शिवालय होतं. त्यातला देव दोन पिढ्यांमागे बाजारातल्या नव्या देवळात राहायला गेला होता, आणि मागच्या ओवरीत एक म्हातारी राहत होती. एक चूल, दोन माठ, एक शेळी आणि ती. आलेल्या प्रत्येकाला ती न विचारता पाणी द्यायची. शंभरातल्या नव्वद पाहुण्यांना घरी गेल्यावर नंदुरबारचं तेवढं पाणीच आठवे. उरलेल्या दहांना तिथं चहा मिळाला नाही हे आठवे.

सुकलालला ती पाण्याबरोबर भाकर आणि मिरचीचा ठेचाही द्यायची. तो तिला 'माय' म्हणे, गाव तिला 'म्हातारी' म्हणे. लेक तरणीताठी गेल्यावर नातीला तिनं याच ओवरीत लहानाचं मोठं केलं आणि जवळच्या कोरीट गावी दिलं. आता तिला दुसरं कोणी नव्हतं आणि दुसरं घर नव्हतं. नातीच्या सासरी जाऊन पडायचं म्हणजे चार लोकांत शोभा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अशात वरच्या कचेरीतले एक साहेब स्थळांची पाहणी करायला येणार, असं पत्र आलं. पसंत पडलेल्या वास्तूला सरकारी संरक्षण मिळणार होतं. अट एकच, की वास्तूत अर्वाचीन असं काही असता कामा नये. हिंमतरावांनी सुकलालला बोलावून सांगितलं, की सातव्या स्थळातलं अर्वाचीन तेवढं सोमवारच्या आत हलव. तिच्यासाठी कुठे जागा पाहायची, हे त्यांनी सांगितलं नाही. तो मंडळीच्या उद्देशांत बसणारा विषय नव्हता.

सुकलाल शनिवारी सांगायला गेला, तर तिनं पुढ्यात भाकर वाढली. रविवारी गेला, तर भाकरीवर तेलाची धार जास्त होती. त्याला इतकं वाईट वाटलं, की तो दोन्ही दिवस पोटभर जेवला आणि काही न बोलता परत आला.

सोमवारी साहेब आले. (साहेब गोरे नव्हते, पुण्याकडचे होते. पण टोपी तीच होती.) सातव्या स्थळी त्यांनी छडी चुलीकडे केली आणि हे काय, म्हणून विचारलं. सुकलालनं सांगितलं, की ही चूल देवळाच्याही आधीची. तिच्यावर स्वयंपाक करूनच पाथरवटांनी देऊळ बांधलं. साहेबांनी मान डोलावली. माठांबद्दल त्यानं सांगितलं, की मातीला वय नसतं. शेळीच्या बाबतीत थोडी अडचण होती, कारण ती ऐन वेळी ओरडली. पण ही जात बादशाहीनंतर खानदेशात दुसरीकडे उरली नाही, असं समजल्यावर साहेबांनी तिच्याकडे आदरानं पाहिलं. मग छडी म्हातारीकडे वळली.

हिंमतरावांनी डोळे मिटून घेतले.

"ही पहिलेपासून शे, सायब," सुकलाल म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. त्याला समजायला लागल्यापासून ती तिथंच होती. साहेबांनी तसं टिपून घेतलं, पाणी प्यायले आणि समाधानानं पुढे गेले.

पावसाळ्यानंतर लोखंडी पाटी आली. तिच्यावर लिहिलं होतं, की ही वास्तू, तसेच तीमधील चूल एक, माठ दोन, शेळी एक व स्त्री एक (वृद्ध) ही प्राचीन असून सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. त्यांस हलवणे, दुरुस्त करणे, रंगवणे, त्यांत भर घालणे अगर त्यांचे मूळ स्वरूप बदलणे हा दंडनीय अपराध होय.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. आता तुला इथून कोणी हलवू शकत नाही, असं सुकलालनं सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गुळाची लापशी केली आणि त्याला बळंच दोनदा वाढली.

संरक्षण काय असतं ते पुढे हळूहळू कळू लागलं. तिनं जमीन सारवायला घेतली, तर ते रंगवण्यात मोडतं असं मंडळीनं कळवलं. चुलीचा एक दगड तडकला. तो बदलणं ही दुरुस्ती असल्यानं तिला तेव्हापासून तिरप्या तव्यावर भाकरी भाजाव्या लागल्या, आणि सुकलालला त्या एका बाजूनं कच्च्या खाव्या लागल्या. शेळी व्याली. दोन करडं हे वाढीव बांधकाम ठरून मंडळीनं ती तातडीनं काढून टाकली. (पैकी एक अध्यक्षांच्या घरी रविवारी काढून टाकण्यात आलं.) थंडीत म्हातारीला खोकला झाला. वैद्य काढा घेऊन आले, पण पाटी वाचून दारातूनच मागे फिरले. दुरुस्तीचा अर्ज वर गेला आणि उत्तर आलं, की वस्तू आहे त्या स्थितीत राखावी. त्या स्थितीत ती होळीपर्यंत खोकत होती. सुकलाल रोज रात्री अंथरुणात त्या पाटीला शिव्या घालायचा. त्याला झोप लागत नसे.

पाहुण्यांची संख्या मात्र तिप्पट झाली. लोक येत, पाटी वाचत, म्हातारीभोवती आदरानं एक फेरी मारत आणि जपून चाला, धक्का लागेल, असं एकमेकांना सांगत. एका बाईंनी तर हात जोडून विचारलं, की ही कोणत्या राजवटीतली? ती पाणी द्यायला उठली की लोक आ वासून बघत.

चैत्रात कोरीटहून निरोप आला. नातीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा रिवाज सगळ्यांना मान्य होता. पण नातीचं माहेर म्हणजे सातवं स्थळ, आणि तिथं भर घालायला मनाई होती. एका गरोदर बाईनं भर किती पडेल याचा हिशेब मंडळीला नक्की करता येईना. तेव्हा मीच कोरीटला जाते, असं म्हातारी म्हणाली, आणि हलवणे या कलमावर येऊन थांबली. पोर एकटी आहे, तिला आई नाही, एवढंच ती पुन्हापुन्हा बोलत राहिली.

या खेपेला सुकलाल स्वतः कचेरीच्या पायरीवर जाऊन बसला आणि परवानगी घेऊनच उठला. परवानगीला एक अट होती: ओवरीतला चौथरा रिकामा दिसून पाहुण्यांची निराशा होऊ नये, म्हणून मूळ वस्तू परत येईपर्यंत तिच्या जागी तत्सम वस्तू ठेवावी. गावात म्हाताऱ्या पुष्कळ होत्या. पण प्राचीन व्हायला एकही तयार होईना, आणि ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या बहुतेकींनी आपलं वय चाळीस सांगितलं.

शेवटी सुकलालच तिचं जुनेर नेसला, डोक्यावरून पदर घेतला आणि चुलीपाशी जाऊन बसला. हे सगळं त्याच्याच जिभेनं करून ठेवलेलं होतं, त्यामुळे त्यानं कुरकुर केली नाही. म्हातारी गाठोडं काखेला मारून निघाली आणि पाटीपाशी थांबली.

"शेळीले पानी देजो, पोरा," ती म्हणाली. "आन बोलजो नको. मी बी कधी बोलनी नही. कोनी इचारंच नही."

दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांना खुद्द हिंमतराव हिंडवू लागले. चौथरा भरलेला असल्यानं कोणाची निराशा झाली नाही. सुरतेच्या एका गृहस्थांनी तेवढी स्त्रीच्या मिशीबद्दल विचारणा केली. त्या काळी असत, असं हिंमतरावांनी सांगितलं, आणि गृहस्थांनी ते आपल्या बायकोला समजावून दिलं. सुकलाल पदराआड गप्प बसून होता. उठून पाणी द्यावं असं त्याला फार वाटे, पण पहिल्या दिवशी तो उठला तेव्हा लुगडं सुटलं होतं.

कोरीटला नात सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. महिना गेला, दीड महिना गेला. म्हातारी परतेना. सुकलालनं सुटकेचा अर्ज केला, तेव्हा मूळ वस्तू हजर करून तत्सम वस्तू घेऊन जावी, असं उत्तर आलं. मंडळीनं गाडी जुंपून कोरीटला माणूस पाठवला. गावानं त्याला पारावर बसवलं, ताक पाजलं आणि कोणती म्हातारी हवी, म्हणून विचारलं. आमच्याकडे सगळ्या जुन्याच आहेत, नाव सांग आणि घेऊन जा. माणसाला नाव ठाऊक नव्हतं. तेवढ्यात एका घराच्या आतून, पाळण्याची दोरी न थांबवता, एका बाईनं त्याला सांगितलं, "मन्हं नाव सांगा, मी लगेच येसू."

माणूस परत आला. सुकलालनं क्षणाचाही विचार न करता छबूबाई म्हणून सांगितलं. गाडी पुन्हा कोरीटला गेली. आतून 'नही' असं उत्तर आलं. मग तापीबाई, मग कालीबाई. मंडळीनं तातडीची सभा घेतली. गावातल्या चार ज्येष्ठांची साक्ष झाली. चौघांनीही तिच्या हातचं पाणी प्यायल्याचं शपथेवर सांगितलं, त्यापलीकडे कोणाला काही सांगता आलं नाही. वरच्या कचेरीनं कळवलं, की दप्तरी 'स्त्री एक (वृद्ध)' अशी नोंद असून ती पुरेशी आहे.

पाचव्या खेपेला बैल जुंपून गाडीवाला चौथऱ्यापाशी आला आणि आता कोणतं नाव सांगू, असं त्यानं विचारलं. सुकलालनं तोंड उघडलं. एक नाव जिभेवर आलंही होतं. पण समोर ती तडकलेली चूल होती. इतकी वर्षं तिच्यावरची भाकर खाल्लेल्या माणसानं तोंड मिटलं, पदरानं डोळे पुसले आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "मले ठाऊक नही."

गाडीवाल्यानं बैल सोडले. तत्सम वस्तू आजही जागेवर आहे.

वाचकांनी सुकलालला हसू नये. आपणही या पायी दर्शनाला सुरुवातीपासून बरोबर आहात. म्हातारीची चूल आपण पाहिलीत, शेळी पाहिलीत, खोकला ऐकलात, आणि करडाच्या ठिकाणी तर हसलातही असाल. तिचं नाव काय, हे मात्र आपण एकदाही विचारलं नाहीत. आधी विचारलं असतंत तर सुकलालनं बेधडक सांगितलं असतं. आता विचारून उपयोग नाही, तो खरं बोलू लागला आहे.