राजेसाहेबांची गाडी आणि तिसरं वळण

एका जंगलात पाणवठा एकच होता, मुलांनो, आणि मोबाइल मात्र बिळाबिळात होते. तुमचा तेवढा बाजूला ठेवा आणि ऐका.

उन्हाळ्यात पाणवठा आटायचा. पहिल्या पाळीला जाणाऱ्याला स्वच्छ पाणी मिळे, शेवटच्याला चिखल. शेवटची पाळी पिढ्यान्‌पिढ्या खवले मांजरांची होती. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चांगल्या परंपरेला कारण लागत नाही.

अनाजी हा त्यातलाच एक. अंगभर खवले, तोंडात दात नाहीत आणि स्वभाव सरळ, म्हणजे तिन्ही बाजूंनी नुकसान. गढूळ पाण्यानं त्याच्या पिल्लाचं पोट सारखं बिघडायचं. पिल्लू आईच्या शेपटीला बिलगून नुसतं पडून राही. ते बघून अनाजीचा जीव तुटायचा.

सिंहमहाराज सुधारक होते. त्यांनी ठरवलं, यापुढे पाळी गुणवत्तेवर लागेल. गुणवत्ता कशी मोजायची, हे काम धोंडोपंत कोल्ह्याकडे गेलं. कोल्ह्यानं मोबाइलवर बुटक्या गाड्यांच्या शर्यतीचा खेळ काढला. ज्यानं त्यानं आपापल्या बिळात बसायचं आणि एकाच रस्त्यावर गाड्या पळवायच्या. जसा नंबर, तशी पाण्याची पाळी.

"खेळ सध्या बीटा आहे," कोल्हा म्हणाला.

"म्हणजे काय हो?" रानडुकरानं विचारलं.

"म्हणजे चालला तर आमचं कौशल्य, नाही चालला तर तुमची चाचणी. काही कमीजास्त असेल तर जरूर सांगा."

हे वाक्य तुम्ही पंगतीत ऐकलं असेल. यजमान हात जोडून म्हणतात, काही कमीजास्त असेल तर सांगा हं. त्यावर आपण म्हणायचं, छे हो, सगळं झकास. आमटीत मीठ नाही, असं कुणी खरंच सांगत नाही. जंगलात हे दूध पिणाऱ्या पिल्लालाही कळायचं. अनाजीला तेवढं कळलं नाही. त्याला वाटलं, कोल्हा खरंच विचारतोय.

तो सरावाला बसला. आधी बराच वेळ पडद्यावर वाट बघायला लावणारं एक चाक गरगरत राहिलं. सबंध खेळात सुरळीत फिरणारं चाक तेवढंच होतं. गाडीला घालायला टोप्या होत्या, झुली होत्या, शिंगंही होती. ब्रेक पुढच्या आवृत्तीत येणार होता. नखानं डावीकडे दाबलं की गाडी जरा विचार करी आणि पटलं तरच वळे. पुढचा ससा मध्येच गोठून उभा राही आणि एकदम चार झाडं पुढे उगवे. तिसऱ्या वळणावर, वडाखाली, तर जमीनच नव्हती. ती रंगवायची राहून गेली होती. तिथे गेलेली गाडी खाली जाई आणि खालीच जात राही.

तरी अनाजीनं चिकाटी सोडली नाही. वडाच्या मुळाला घासून गेलं तर खड्डा चुकतो, हे त्यानं पडून पडून शोधून काढलं. आणि खरं सांगू का, त्याला मजाही येत होती. जन्मात तो कधी कुणाच्या पुढे गेला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी राजेसाहेब सर्वांत पुढे होते. ते पुढेच राहतील, याची काळजी सगळेच घेत होते. तिसरं वळण आलं आणि राजेसाहेबांची सोनेरी गाडी वडाखाली गडप झाली.

मग रानडुकरानं आपली गाडी मुद्दाम खड्ड्यात घातली. सशानं हॉर्न वाजवत उडी घेतली. राजा खाली आणि आपण वर, हे काही बरं दिसत नाही.

"अहो, सगळे खाली चाललेत," अनाजीची बायको चंद्राक्का म्हणाली. "तुम्ही कुठे निघालात?"

"शर्यत संपवायला."

"एकटेच?"

"पिल्लाला पाणी नको का?"

तो वडाच्या मुळाला घासून गेला आणि पहिला आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आनंदात त्यानं कोल्ह्याला कळवलं, 'तिसऱ्या वळणावर जमीन नाही. राजेसाहेबही पडले. लवकर बुजवावी.' इतरांनीही मतं कळवली होती. पडताना वारा सुरेख लागतो, असं डुकराचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला.

"राजेसाहेब पडले, असं तुमचं म्हणणं?" कोल्ह्यानं अनाजीला विचारलं.

"पडले की."

"राजे पडत नसतात. ते मार्ग दाखवतात."

"मग मी काल पडलो नाही?" महाराजांनी हळूच विचारलं.

"महाराज, आपण सर्वांच्या आधी पोचलात."

"कुठे?"

"तळाशी. शर्यत तिथेच संपते."

"पण तिथे तळच नाही, महाराज," अनाजी म्हणाला. "तुमची गाडी अजून खाली चालली आहे."

महाराजांनी मोबाइल पाहिला. गाडी चालली होती. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाले, "दोष दुरुस्त करा."

कोल्ह्यानं तत्परतेनं केला. तिसऱ्या वळणाच्या पुढचा सगळा रस्ता काढून टाकला. नसलेल्या रस्त्यानं गेल्याबद्दल अनाजीला शेवटचा नंबर मिळाला. पिल्लू पुन्हा चिखल प्यायलं आणि पुन्हा आजारी पडलं. अनाजीला इतका संताप आला की त्यानं अंगाचं वेटोळं केलं आणि दिवसभर उलगडलं नाही.

"पुढच्या शर्यतीला उडी मारा," चंद्राक्का त्या वेटोळ्याला म्हणाली.

"तिथे जमीन नाही गं."

"माहीत आहे. पाणी तिथेच आहे."

पुढच्या शर्यतीत अनाजीनं उडी मारली. तो खड्डा सबंध जंगलात त्याच्याइतका कुणालाच पाठ नव्हता. बाकीचे कडेला अडखळले, अनाजी राजेसाहेबांच्या पाठोपाठ अलगद आत गेला. दुसरा नंबर आला.

पिल्लू निवळ पाणी पोटभर प्यायलं आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आईच्या शेपटीवरून उतरून खेळलं. अनाजीला फार बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली.

तात्पर्य : खड्डा सर्वांनाच दिसतो. तो दाखवणारा शेवटचा येतो आणि त्यात सफाईनं पडणारा दुसरा येतो. पहिलं येण्याचा विचार मात्र मनात आणू नये. तिथे कुणीतरी आधीच पडलेलं असतं.