डबा गुरगुरतोय

उठल्यापासून चिमणीने "बारा वाजले का?" हा प्रश्न एकेचाळीस वेळा विचारला होता. मोजत होती ताई, कारण तिचंही दुसऱ्या कशात लक्ष लागत नव्हतं.

बाबा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी बरोब्बर बाराला, जहाजावरच्या फोनवर त्यांची पाळी यायची. मोजून दहा मिनिटं! इकडून उलटा फोन लागायचा नाही. मागची पाळी वादळात गेली, म्हणजे त्यांचा आवाज ऐकून महिना झाला होता.

"बेचाळीस," ताई म्हणाली.

"आवर गं तिला!" शिलाई मशीनवरून आई वैतागली. आठवडाभर कुणाच्या तरी हॉलचे पडदे शिवून तिचे डोळे तांबारले होते.

दोघी बहिणी यंदा घरीच शिकत होत्या आणि चौदा वर्षांची ताई स्वतःला मुख्याध्यापिका समजत होती. तिने पुस्तकातलं 'मन शांत करण्याचे उपक्रम' हे पान उघडलं. दहा मिनिटं डोळे मिटून पाच आवाज ओळखायचे. आवाज आला की नुसता ऐकायचा, त्याच्यामागे धावायचं नाही.

"आई, फोन दे. नाहीतर ही सारखी घड्याळ बघणार." रिंग बंद करून फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेला, डबा कपाटात गेला. "आता तूपण बस."

"मी कशाला?"

"तुलाच जास्त गरज आहे. आणि ऐका, जो डोळे उघडेल तो बाबांशी सगळ्यात शेवटी बोलणार!"

ही शिक्षा ऐकून चिमणीने डोळे इतके घट्ट मिटले की नाकसुद्धा मिटलं. भिंतीला टेकून तिघी बसल्या. पहिला आवाज पंख्याचा. दुसरा ठिबकणाऱ्या नळाचा. तिसरा आईच्या घोरण्याचा.

"ताई, डबा गुरगुरतोय."

"नुसतं ऐक. मागे धावू नकोस."

"थांबला... परत गुरगुरतोय!"

"शाब्बास! हा चौथा."

डबा तीनदा गुरगुरला. जहाज पूर्वेकडे बरंच सरकलं होतं, तिथली घड्याळं तासभर पुढे गेली होती, आणि बाबांचे बारा इथल्या अकरालाच वाजले होते. हे मुख्याध्यापिकाबाईंना कुठून कळणार?

बाबांनी मग खालच्या मजल्यावरच्या सुतारकाकांना फोन लावला. काका तो कानाला धरूनच जिना चढले. आधी बेल, मग थापा, मग "अहो, दार उघडा!"

"पाचवा?" चिमणी कुजबुजली.

"पाचवा. बसून राहा." करकरणाऱ्या दाराला तेल घालून द्या म्हणून आई चार दिवस काकांच्या मागे लागली होती. तेवढ्यासाठी काय डोळे उघडायचे?

काकांनी जिन्यातल्या खिडकीतून डोकावलं. तिघी भिंतीला टेकलेल्या, डोळे मिटलेले, आईची मान तर पार खांद्यावर. "अहो, हाका मारतोय, कुणी हलत नाहीये!" ते फोनमध्ये ओरडले. "गॅस गळतोय की काय!"

"दार काढा! काढा ते दार!" समुद्रातून बाबा किंचाळले.

बिजागऱ्या बाहेरच होत्या. तीन ठोक्यांत दार काकांच्या मिठीत आलं.

"सहावा!" चिमणी ओरडली. "पडदे तयार आहेत!" म्हणत आई दचकून उठली. ताईने डोळे उघडले, काकांच्या हातातला फोन पाहिला आणि तिचा चेहरा पडद्याच्या कापडासारखा पांढरा झाला.

"मी उघडले नाहीत हं डोळे! मी आधी बोलणार!"

"बाबा, सॉरी, माझंच चुकलं..."

"अहो, मला जरा डुलकी लागली..."

"थांबा," बाबा म्हणाले. त्यांचा श्वास अजून चढलेला होता. "एक मिनिट राहिलंय. कुणी बोलू नका. मला घर ऐकू द्या."

काकांनी फोन मधोमध धरला. कुणी हललं नाही.

"पंखा," बाबा हळूच म्हणाले. "नळ. अजून गळतोय होय? हे वाजतंय ते चिमणीचं नाक. आणि ताई रडतेय, आवाज दाबून." मग म्हणाले, "आता आपलं दार उघडा ना. बोटीवर एकसुद्धा दार करकरत नाही गं."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून निमूट उभं होतं. काकांनी मान खाली घातली.

चिमणीने फोन ओढून तोंडाशी धरला. "कर्रर्रर्र... र्रक्!"

"हां," बाबा म्हणाले. "हेच." आणि पाळी संपली.

संध्याकाळी काकांनी दार परत बसवलं आणि पिशवीतून तेलाची बाटली काढली.

"खबरदार!" तिघी एकदम ओरडल्या.