न हलणारी जागा

"रेघ अशी मारीन, की पट्टीसुद्धा शरमेनं वाकेल!" जावईबापूंनी सासऱ्यांपुढे छाती ठोकली. पेरणी सरळ आली तर ट्रॅक्टरची किल्ली कायमची त्यांच्या हाती यायची होती, आणि लग्न झाल्यापासून त्यांचा डोळा त्या किल्लीवरच होता!

ट्रॅक्टरला जीपीएस होतं, स्टिअरिंग आपोआप फिरायचं. पण आकाशातून कळणारी जागा दोन-चार हात चुकते, ती सुधारून सांगणारं कुणीतरी जमिनीवर लागतं. "कंपनीच्या नेटवर्कची वर्गणी भरा, नाहीतर स्वतःचा अँटेना उभा करा," दुकानदार म्हणाला.

"स्वतःचाच! लोकांच्या तोंडाकडे कोण बघत बसणार?"

"मग एवढंच सांभाळा. तो जागचा हलता कामा नये. ट्रॅक्टर त्याच्यावरूनच आपली जागा मोजतो."

घराचे पत्रे वाऱ्यानं थडथडायचे. पाण्याची टाकी डुगडुगायची. शेवटी जावईबापूंची नजर अंगणात बंद पडलेल्या मेव्हण्याच्या ट्रकवर गेली. त्यात आता कोंबड्या अंडी घालत होत्या.

"या घरात याच्याइतकं स्थिर काही नाही. याचा मालक सोडला तर!" ते सगळ्यांदेखत म्हणाले आणि टपावर अँटेना घट्ट आवळून मोकळे झाले.

मेव्हण्याच्या हा बोल जिव्हारी लागला. जावईबापू घरामागच्या शेतात गेले आणि हा पठ्ठ्या ट्रक चालू करायला थेट मेकॅनिकला घेऊन आला. टपावर काय आहे, याचं त्याला रागाच्या भरात भानच राहिलं नाही.

शेतात जावईबापू हाताची घडी घालून ऐटीत बसले होते. ट्रॅक्टर आपला आपण चालला होता. बांधावर सासरे भलतेच खूश होते. आणि अचानक ट्रॅक्टर डावीकडे वळला!

"जावईबापू, वाकडं चाललंय!"

"स्क्रीन बघा बाबा! चूक शून्य!"

"अहो, पुढे कोबी आहे!"

"मग कोबी वाकडा लावला असेल!"

सासूबाईंचा कोबी भुईसपाट झाला. तेवढ्यात कुंपणापलीकडून इंजिनाची डरकाळी आली. ट्रक अंगणात फिरत होता! ट्रक उजवीकडे गेला की ट्रॅक्टर उजवीकडे, ट्रक डावीकडे वळला की ट्रॅक्टरही डावीकडे. "अँटेना! अँटेना त्याच्या टपावर आहे!" जावईबापू किंचाळले.

"अरे, थांब!" सासरे दोन्ही हात हलवत ओरडले.

"बघितलंत ना बाबा!" मेव्हण्याला वाटलं, शाबासकी मिळतेय. त्यानं हॉर्न वाजवला आणि मोठ्या उत्साहानं आणखी एक फेरी घेतली. जावईबापूंनी ब्रेक दाबला तेव्हा ट्रॅक्टरचं तोंड कुंपणात शिरलं होतं आणि मागे सापाला लाजवील अशी पेरणी झाली होती.

सासरे सावकाश ट्रॅक्टरवर चढले. त्यांनी किल्ली काढली, धावत आलेल्या मेव्हण्याला जवळ बोलावलं आणि ती त्याच्या हातावर ठेवली.

"बाबा!" जावईबापू कळवळले. "ट्रॅक्टर तर मी चालवत होतो!"

"चालवत हा होता," सासरे म्हणाले. "तुम्ही नुसते बसला होतात."