एक ते चार, पाण्याखालीसुद्धा

"त्यात काय अवघड आहे? श्वास घ्यायचा, सोडायचा. बासष्ट वर्षं तेच करतोय," असं अनंतराव आगाशे अख्ख्या सोसायटीला सांगून मोकळे झाले होते. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला लक्षद्वीपच्या एका निवांत बेटावर जायचं, स्कूबा डायव्हिंग करून समुद्रातली प्रवाळं बघायची, हा बेतही त्यांचाच. अट एकच. आधी बिबवेवाडीच्या पोहण्याच्या तलावात सराव करून शिकवणाऱ्या राजसचं 'यांना जमतं' असं पत्र मिळवायचं. पत्र नाही, तर समुद्रात उतरणं नाही.

उल्काताईंनी पहिल्याच दिवशी पत्र मिळवलं. अनंतरावांचं मात्र तोंडात नळी असूनही बोलणं थांबेना. शेवटी राजसने एक संधी दिली. अक्षय्य तृतीयेला, दुपारी दोन वाजता.

"दोन?" अनंतरावांचा चेहरा पडला. "अरे, माणसं झोपतात त्या वेळी."

"काका, तलाव तेव्हाच रिकामा असतो."

"असणारच."

राजसने हलकं खाऊन यायला बजावलं होतं. पण घरात आमरस-पुरी! तिसऱ्या वाटीला उल्काताई म्हणाल्या, "अहो, पुरे आता. बुडाल."

"तळाशीच जायचंय मला. वाढ."

परीक्षा सोपी होती. तळाशी दहा मिनिटं शांत बसायचं आणि राजसने विचारलं की बोटांनी 'ठीक आहे' अशी खूण करायची. अनंतराव खाली जाऊन बसले. गार पाणी. ना हॉर्न, ना कुकरची शिट्टी, ना शेजारचा टीव्ही. एवढी शांतता बिबवेवाडीत मिळते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

राजसने खूण केली. उत्तर नाही. खांद्याला हात लावला, तर अनंतराव एका बाजूला कलंडले. मग जी धांदल उडाली! राजसने त्यांना वर खेचून काठावर आडवं केलं. रखवालदार हिंमतराव अँब्युलन्सला फोन लावत धावत आले. सोबत आलेल्या उल्काताई घाबऱ्याघुबऱ्या खाली वाकल्या, कान जवळ नेऊन ऐकू लागल्या आणि पदराने घाम पुसत म्हणाल्या, "फोन ठेवा. घोरतायत."

अनंतरावांनी एक डोळा उघडला. "चार वाजले?"

राजस पांढराफटक पडून काठावर बसला होता. त्याच्याकडे बघून अनंतरावांना आपलं पत्र गेलं हे कळलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. "चुकलं रे. पस्तीस वर्षांत हिला धड कुठे नेलं नाही मी. आता ही खाली जाणार आणि मी होडीत चपला सांभाळणार."

राजसने सिलिंडरचा काटा बघितला. "काका, एवढी कमी हवा आजवर कोणी वापरली नाही. उद्या सकाळी सातला या. उपाशी."

ते गेले, जागे राहिले आणि पत्र घेऊन आले.

बेटावर होडी नेमकी उशिरा सुटली आणि पाण्यात उतरायला दीड वाजला. अनंतरावांनी तीन कप चहा पोटात ढकलला होता. खाली निळंशार पाणी, रंगीत प्रवाळं, माणसांचा मागमूस नाही, आणि हातात उल्काताईंचा हात. आयुष्यात एवढं सुख त्यांना क्वचितच वाटलं असेल. एका कपारीत भलंमोठं कासव गाढ झोपलेलं होतं. सोबतचा वाटाड्या त्याच्याजवळ सरकणार, तोच अनंतरावांनी हात आडवा घातला. दुपारी दीडला कोणाला उठवायचं नसतं. मग लांबूनच, कासव आणि अनंतराव असा फोटो निघाला.

तो आता दिवाणखान्यात लावलाय. येईल त्याला अनंतराव झोपलेलं कासव दाखवतात. उल्काताई चहा ठेवता ठेवता म्हणतात, "काचेच्या आतही बघा हं जरा."

मास्कच्या काचेआड अनंतरावांचेही डोळे मिटलेले आहेत.