महाराजांस सोडतीचा हत्ती लागला त्याची हकीकत

श्रीगजाननाचे पायीं मस्तक ठेवून आणि श्रोतयांचें चित्त प्रसन्न असो ऐसें मागून हकीकत मांडिली आहे. शके सोळाशें पन्नास, कीलकनाम संवत्सर, कार्तिकमास. ते समयीं डोंगराआडच्या एका राज्यीं सुभानराव महाराज गादीवर होते. राज्य लहान, परंतु धान्य मुबलक आणि प्रजा हंसतमुख. उणें इतकेंच कीं दारीं हत्ती नव्हता. शेजारचे राजे अंबारींतून मिरवीत आणि महाराज घोड्यावरून मान वर करून त्यांस रामराम करीत, तें शल्य मनीं फार होतें. ऐसें असतां नौबतराय नामें कोणी वकील जरीचा मंदील बांधून आला आणि एकांत मागून बोलिला, "मुबारक, महाराज! पातशहांनीं सोडत काढिली, त्यांत हुजूरचें नांव निघालें. पांढरा हत्ती लागला. घाटाखालीं उभा आहे. जकातीचें तेवढें द्यावें. मात्र बभ्रा करूं नये, शेजारी घात करितील." महाराजांचा आनंद पोटांत मावेना. हातींचें सोन्याचें कडें काढून दिलें. मग माहूत अडून बसला म्हणून शिरपेंच दिला, मग हत्तीस पडसें जाहलें म्हणून औषधास मोत्यांचा कंठा दिला, आणि इकडे हत्तीखाना बांधविला, उंसाच्या गाड्या आणविल्या, आणि "हें कशास?" ऐसें कोणी पुसलें तर "सहज" म्हणोन हंसूं लागले. परंतु हत्तीखाना आणि ऊंस पाहून लोकांनीं काय तें ताडिलेंच. शेवटीं वकील धांपा टाकीत आला कीं, "हत्ती नदी उतरवावयास नावाडी अडला! राणीसाहेबांचा चंद्रहार आज सूर्य मावळायचे आंत पावला नाहीं, तर हत्ती शेजारच्या राज्यास जातो!"

तो हार राणी वेणूबाईसाहेबांस मातोश्रींनीं अंतकाळीं गळ्यांत घातलेला. मागतांना महाराजांची जीभ अडखळली. बाईसाहेब बोलिल्या, "इकडून कांहीं लपवणें चाललें आहे. कंठा नाहीं, कडें नाहीं. काय जाहलें?" तेव्हां महाराजांनीं सर्व सांगितलें. बाईसाहेब रागास आल्या नाहींत. पुसलें, "सोडतींत नांव कोणीं घातलें होतें?" "कोणींच नाहीं." "हत्ती कोणीं पाहिला?" "वकिलानें." "मग न घातलेलें नांव निघालें कैसें? आणि बक्षीस देणारा उलट मागतो कां? घाई त्याची, गुप्त ठेवणें त्याचें, आणि दागिने मात्र आपले!" महाराज मंचकावर बसले. "पण बाईसाहेब, पांढरा होता हो," इतकेंच बोलिले. मग बाईसाहेबांनीं पडद्याआडून वकिलास सांगितलें, "हार तयार आहे. आमचे स्वार तुम्हांसवें येऊन हत्तीचे सोंडेंत घालतील." वकील म्हणाला, "हत्ती परक्यास बुजतो." "मग त्याची अंबारी विकून नावाडी भागवा आणि उरेल तें घेऊन या." वकिलास घाम फुटला. "पाणी पिऊन येतों" म्हणोन जो उठला तो खिडकींतून उडी टाकून थेट उंसाचे गाडींत पडला आणि धरिला गेला. कडें व कंठा कमरेस सांपडले. शिरपेंच विकून खाल्ला होता.

कारभारी म्हणाले, "हत्ती वाटेंत मेला ऐसें लोकांस सांगावें." महाराजांस तें गोड वाटलें, परंतु सज्ज्यांत उभे राहिले, आणि खालीं माणसें हत्तीचे वाटेकडे डोळे लावून बसलेलीं पाहिलीं, आणि खोटें तोंडीं येईना. "लोकहो, आम्ही फसलों. हत्ती नव्हताच," ऐसें बोलिले. मग सेनापती हैबतराव खालीं मान घालून पुढें आले, "महाराज, ह्यानेंच मजला अरबी घोडा लाविला होता." मग पुरोहित म्हणाले, "मजला काशींत घर." मग सोनाराची बायको ओरडली, "आणि मजला जांवई! लाजेनें कोणास बोललें नाहीं!" तेव्हां महाराज ऐसें हंसले कीं डोळां पाणी आलें, आणि सर्व प्रजा हंसली, आणि ऊंस वाटिला, आणि हुकूम जाहला कीं अवचित बक्षीस लागेल त्यानें आधीं घरीं सांगावें, आणि फसला त्यास कोणीं हिणवूं नये. मग सावध करावयास शेजारच्या राजाकडे स्वार धाडिले. त्यांचा उलट निरोप आला, "फार उपकार जाहले. आम्हांस गेंडा लागला होता. वेस रुंद करीत होतों."

येणेंप्रमाणें हत्ती न येतां राज्यीं आनंदीआनंद जाहला. ऐकणारांचें गांठीचें गांठीं राहो, आणि घरच्यांपाशीं बोलावयास कोणास लाज न वाटो. इति हकीकत संपूर्ण.